एकदाच होणारे उत्खनन आणि सर्वांची छायाचित्रे

समुद्राच्या तळाशी पडलेल्या जहाजाचे उत्खनन हे एकदाच होणारे काम आहे, कारण गाळाचा थर उपसून त्यात रुतलेली वस्तू एकदा जागेवरून हलवली, की ती कशाच्या शेजारी, किती खोलीवर आणि कोणत्या कुशीवर पडली होती याचा पुरावा त्या जागी उरत नाही. तो उरतो फक्त पाणबुड्यांच्या नोंदींत, रेखाटनांत आणि छायाचित्रांत. अशा छायाचित्रांचा संग्रह सांभाळणारी वारसा संस्था त्यांतील काही चित्रे विकिपीडियासारख्या मुक्त ज्ञानकोशाच्या स्वाधीन करते, तेव्हा ती लोकांना त्या पुराव्यातच वाटेकरी करून घेते. इंग्लंडमधील पोर्ट्‌समथ येथील मेरी रोझ ट्रस्टने हे केलेले आहे. मेरी रोझ या बुडालेल्या जहाजाच्या जतन केलेल्या सांगाड्याची आणि त्यावर सापडलेल्या वस्तूंची छायाचित्रे या संस्थेच्या नावाने मुक्त परवान्याखाली उपलब्ध असून जगातील अनेक भाषांतील वाचक ती विकिपीडियावर पाहतात.

मेरी रोझ हे इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या आरमारातील प्रमुख लढाऊ जहाजांपैकी एक. 1511 मध्ये ते पाण्यात उतरले आणि 19 जुलै 1545 रोजी, फ्रेंच आरमाराशी लढाई चालू असताना, पोर्ट्‌समथसमोरील सोलेंट या सामुद्रधुनीत बुडाले. वळण घेताना ते एका अंगावर कलले आणि तोफांसाठी ठेवलेल्या उघड्या झरोक्यांतून पाणी आत शिरले, एवढे बहुतेक अभ्यासक मान्य करतात. ते इतके का कलले, याबद्दल मात्र वाऱ्याच्या झोतापासून वाढलेल्या वजनापर्यंत अनेक कारणे पुढे केली जातात. जहाजावरील शेकडो माणसांपैकी मोजकीच वाचली. जहाज उजव्या कुशीवर तळाशी विसावले. ती बाजू गाळात गाडली गेल्यामुळे टिकली आणि पाण्यात उघडी राहिलेली डावी बाजू प्रवाहाने व लाकूड पोखरणाऱ्या जलचरांनी संपवली.

1836 मध्ये जॉन आणि चार्ल्स डीन या पाणबुड्या बंधूंना या जहाजाचा ठाव लागला होता, पण नंतर तो विस्मरणात गेला. अलेक्झांडर मॅक्की यांनी 1965 मध्ये नव्याने शोध सुरू केला, 1971 मध्ये जहाजाची लाकडे दृष्टीस पडली आणि 1979 मध्ये ट्रस्ट स्थापन होऊन पुरातत्त्वज्ञ मार्गारेट रूल यांच्या नेतृत्वाखाली मोठे उत्खनन हाती घेण्यात आले. 11 ऑक्टोबर 1982 रोजी सांगाडा पाण्याबाहेर काढला गेला, तोवर पाणबुड्यांनी हजारो बुड्या मारल्या होत्या. एकूण 19,000 हून अधिक वस्तू मिळाल्या, तसेच किमान 179 माणसांचे अवशेषही सापडले. सोलेंटचे पाणी गढूळ असल्याने तेथे दृष्टी फार थोड्या अंतरापर्यंत पोहोचते. संपूर्ण जहाज एका चौकटीत बसवणारे छायाचित्र तळाशी घेताच येत नाही, म्हणून तेथील नोंद जवळून टिपलेल्या तुकड्यातुकड्यांची असते आणि ते तुकडे जुळवण्याचे काम पुढे कित्येक वर्षे चालते.

जहाज पाचशे वर्षांहून जुने असेल तर त्याच्या चित्रांवर कोणाचा हक्क कसा, असा प्रश्न सामान्य वाचकाला पडणे साहजिक आहे. येथे वस्तू आणि तिचे छायाचित्र यांत फरक करावा लागतो. वस्तू कितीही प्राचीन असली तरी, प्रकाशयोजना आणि कोन निवडून काढलेले तिचे छायाचित्र ही स्वतंत्र निर्मिती मानली जाते आणि तिचा स्वामित्वहक्क, म्हणजे नकला करण्याचा व प्रसिद्ध करण्याचा कायदेशीर अधिकार, छायाचित्रकाराकडे किंवा त्याला कामावर ठेवणाऱ्या संस्थेकडे राहतो. ब्रिटनमध्ये हा हक्क सामान्यतः निर्मात्याच्या मृत्यूनंतर 70 वर्षे टिकतो. याचा अर्थ असा की, हक्कदार संस्थेने स्वतःहून परवानगी दिली नाही, तर 1980 च्या सुमारास घेतलेले चित्र आज शाळेत शिकणाऱ्या मुलाच्या हयातीत कदाचित मुक्त होणारच नाही.

ही परवानगी देण्याची रीत आता रुळलेली आहे. विकिपीडियातील बहुतेक चित्रे विकिमीडिया कॉमन्स या 2004 मध्ये सुरू झालेल्या सामायिक भांडारात ठेवली जातात. त्यात आज 10 कोटींहून अधिक फाइली आहेत. तेथे चित्र द्यायचे तर व्यावसायिक वापराची आणि बदल करण्याचीही मुभा द्यावी लागते, म्हणूनच केवळ शैक्षणिक वापरासाठी दिलेले चित्र तेथे स्वीकारले जात नाही. मेरी रोझच्या चित्रांना लावलेला क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना दोन अटी घालतो: वापरणाऱ्याने मूळ संस्थेला श्रेय द्यावे, आणि चित्रात फेरफार करून नवे चित्र तयार केल्यास तेही त्याच अटींवर इतरांना खुले ठेवावे. स्वामित्वहक्क संस्थेकडेच राहतो; तो सोडून दिला जात नाही, ही गोष्ट अनेक संग्रहालयांच्या विश्वस्तांना नीट समजावून सांगावी लागते.

तथापि, नुसते चित्र देऊन काम पुरे होत नाही. मेरी रोझवर सापडलेल्या सुतारांच्या हत्यारांकडे पाहिले तर रंधे, मोगरी, गिरमिटाची मूठ हे सारे एखाद्या गावातील सुताराच्या पेटीत शोभावे असे दिसते, परंतु पाती मात्र बहुतेक ठिकाणी नाहीत. लोखंड खाऱ्या पाण्यात गंजून गेले आणि गाळाने प्राणवायू अडवल्यामुळे लाकूड तेवढे राहिले. सोबत माहिती नसेल तर पाहणाऱ्याचा समज असा होईल की ही हत्यारे अर्धवट किंवा मोडकी होती. ती जहाजाच्या कोणत्या मजल्यावरच्या खोलीत मिळाली, तेथेच लाकडी सोंगट्यांच्या खेळाचा पट मिळाला आणि त्या खोलीच्या दाराजवळ एका लहान कुत्र्याचा सांगाडा सापडला, हे कळल्यावर त्या चित्राला माणसांचा शेजार लाभतो. वस्तूचे माप, सापडण्याची जागा, जतनाची प्रक्रिया आणि चित्राचे साल ही माहिती संस्थेच्या दफ्तरातच असते, आणि खरी देणगी या माहितीची आहे, असे आग्रहाने म्हणावेसे वाटते.

चित्रे मुक्त करण्याबाबत संस्थांचे आक्षेप खोटे नसतात. चित्रांच्या शुल्कातून येणारे उत्पन्न लहान संग्रहालयासाठी क्षुल्लक नसते, आणि मेरी रोझच्या लाकडावर पाण्यात विरघळणाऱ्या मेणासारख्या द्रव्याचा फवारा 1994 पासून 2013 पर्यंत चालू ठेवावा लागला, यावरून जतनाला किती काळ पैसा पुरवावा लागतो हे कळते. जर्मनीच्या संघीय अभिलेखागाराने 2008 च्या डिसेंबरात 80,000 हून अधिक छायाचित्रे कॉमन्सला दिली, तेव्हा ती मर्यादित आकारात दिली आणि मोठ्या प्रती आपल्याकडे ठेवल्या. अनेकांनी ती चित्रे श्रेय न देता वापरली, ही तक्रार रास्तच होती. पण त्याच वेळी जगभरच्या स्वयंसेवकांनी चित्रांखालच्या जुन्या ओळींतील चुकीची नावे, ठिकाणे आणि तारखा दुरुस्त करून दिल्या. हे काम पैसे मोजूनही सहज करून घेता आले नसते.

एका बाबतीत मात्र हात आखडता घेणेच योग्य. समुद्रतळावर अजून पडून असलेल्या जहाजाच्या चित्रासोबत त्याचे नेमके अक्षांश-रेखांश गेले, तर लुटारूंना वाट दाखवल्यासारखे होते, आणि आजचे कॅमेरे ही माहिती फाइलमध्ये आपोआप नोंदवू शकतात. युनेस्कोच्या 2001 च्या पाण्याखालील सांस्कृतिक वारशाविषयीच्या करारात, अवशेष शक्यतो जागेवरच जपावेत हे तत्त्व आहे आणि स्थानाची माहिती उघड झाल्याने धोका असेल तर ती गुप्त ठेवण्याचीही तरतूद आहे. चित्र मोकळे ठेवून जागा झाकता येते. या दोहोंत विरोध नाही.

कॉमन्समध्ये एकदा आलेले चित्र मराठी विकिपीडियातही वेगळी परवानगी न मागता लावता येते, फक्त त्याखालची ओळ मराठीत कोणीतरी लिहावी लागते. आपल्या किनाऱ्यापुरते बोलायचे तर गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी सुंची रीफ या खडकाळ भागात सतराव्या शतकातील पोर्तुगीज जहाजाचे अवशेष अभ्यासले असून तेथे तोफा, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे, हत्तीचे सुळे आणि पाणघोड्याचे दात मिळाले आहेत. हस्तिदंत आणि पाणघोड्याचे दात आफ्रिकेशी चालणाऱ्या व्यापाराकडे बोट दाखवतात, भांडी चीनकडे. अशा एखाद्या सुळ्याचे माप आणि सापडण्याचा संदर्भ यांसह घेतलेले स्वच्छ छायाचित्र मुक्त परवान्याने मराठी ज्ञानकोशात आले, तर मुरगावच्या शाळेतील मुलाला आपल्या बंदराचा आफ्रिकेशी आणि चीनशी असलेला संबंध धड्यातील एका वाक्याऐवजी डोळ्यांनी पाहता येईल.