कंबर दुखते म्हणून झोप नाही, की...?

मैत्रिणींनो, "कंबर दुखते म्हणून झोप लागत नाही," असं मीही दोन वर्षं म्हणत होते. पण उलटंही खरं असतं बरं का! १९७५ साली टोरोंटोच्या डॉ. मोल्डोफ्स्की यांनी धडधाकट तरुणांची गाढ झोप आवाज करून तीन रात्री मोडली, तर सकाळी त्यांचंही अंग दुखू लागलं! दुखणं तीन महिन्यांवर गेलं असेल तर डॉक्टरांना झोपेबद्दलही सांगा.

मी संध्याकाळचा चहा सोडला (फार जड गेलं!), उठायची वेळ एकच ठेवली. झोप येईना तर कूस बदलत पडत नाही. उठून बसते, डोळे जडावले की आडवी होते. "मध्यरात्री तांदूळ कसले निवडतेस गं?" सासूबाई विचारतात. कंबर अजून दुखते, पण आताशा शाळेत फळ्यापाशी उभं राहवतं.