सरकारी फळखरेदी : लहान पुरवठादारांच्या सवलती आणि त्यांच्या मर्यादा

लष्करी तळ, केंद्रीय रुग्णालये, निवासी विद्यालये आणि सार्वजनिक उपक्रमांची उपाहारगृहे यांना ताज्या फळांचा नियमित पुरवठा लागतो. हा माल बहुतांशी घाऊक बाजारातून घेतला जातो आणि तो पोहोचवणाऱ्यांमध्ये लहान व्यापाऱ्यांचाही समावेश असतो. सरकारी खरेदीत लहान उद्योगांना प्राधान्य देण्याचे केंद्राचे धोरण २०१२ पासून लागू आहे. तथापि ताज्या फळांच्या व्यवहारात या धोरणाचा लाभ लहान व्यापाऱ्याला मिळत नाही. याचे कारण धोरणातील व्याख्येत आहे.

धोरणातील तरतुदी

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा २००६ मध्ये अमलात आला. या कायद्याच्या आधारे काढलेला सार्वजनिक खरेदी धोरणाचा आदेश १ एप्रिल २०१२ पासून लागू झाला. त्यानुसार केंद्रीय मंत्रालये, विभाग आणि सार्वजनिक उपक्रमांनी वार्षिक खरेदीपैकी किमान २० टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावयाची होती. २०१८ मध्ये हे प्रमाण २५ टक्के करण्यात आले. त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी ४ टक्के आणि महिला उद्योजकांसाठी ३ टक्के असे उपलक्ष्य आहे.

या उद्योगांना निविदेचे अर्ज विनामूल्य मिळतात आणि बयाणा रक्कम भरावी लागत नाही. सर्वात कमी दर अन्य कोणाचा असेल आणि लहान उद्योगाचा दर त्याहून १५ टक्क्यांपर्यंत अधिक असेल, तर त्या कमी दराने पुरवठा करण्याची संधी त्याला दिली जाते. तो तयार झाल्यास एकूण मागणीपैकी किमान २५ टक्के पुरवठा त्याच्याकडे येऊ शकतो.

व्यापारी मात्र वगळलेला

हे धोरण लहान उद्योगांनी स्वतः उत्पादित केलेल्या वस्तूंना आणि दिलेल्या सेवांना लागू आहे. दुसऱ्याचा माल घेऊन विकणारा व्यापारी त्यात येत नाही. बाजार समितीत लिलावातून केळी किंवा मोसंबी विकत घेऊन रुग्णालयाच्या दारी पोहोचवणारा मनुष्य कायद्याच्या दृष्टीने उत्पादक नसून व्यापारीच ठरतो. त्याची उलाढाल कितीही लहान असली तरी २५ टक्क्यांचे उद्दिष्ट आणि १५ टक्के दरफरकाची सवलत त्याला मिळत नाही.

२ जुलै २०२१ रोजी केंद्र सरकारने किरकोळ व घाऊक व्यापाराचा समावेश या क्षेत्रात केला आणि व्यापाऱ्यांना उद्यम संकेतस्थळावर नोंदणीची मुभा दिली. परंतु हा लाभ बँकांच्या प्राधान्यक्षेत्र कर्जापुरताच मर्यादित ठेवण्यात आला. त्यामुळे हाती उद्यम प्रमाणपत्र असूनही सरकारी खरेदीत प्राधान्य नाही, अशी स्थिती अनेक व्यापाऱ्यांची होते.

देयकाचा प्रश्न

विलंबाने मिळणाऱ्या पैशांबाबतही हेच घडते. २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगांचे देयक माल स्वीकारल्यापासून कमाल ४५ दिवसांत चुकते करणे बंधनकारक आहे. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज द्यावे लागते. मात्र २०२१ मध्ये समाविष्ट झालेल्या व्यापाऱ्यांना या तरतुदीचे संरक्षण देण्यात आलेले नाही.

फळांच्या धंद्यात याचा परिणाम मोठा असतो. अडत्याचे पैसे रोखीने किंवा अल्प मुदतीत द्यावे लागतात. उदाहरणार्थ, एखादा पुरवठादार रोज १०० किलो केळी ४० रुपये किलो दराने देत असेल, तर दिवसाचा माल ४,००० रुपयांचा होतो. महिनाअखेर देयक सादर केले आणि त्यानंतर ४५ दिवसांनी पैसे आले, तर पहिली रक्कम हाती येईपर्यंत ७५ दिवसांचा, म्हणजे ३ लाख रुपयांचा माल देऊन झालेला असतो. एवढे भांडवल अडकवून ठेवणे ज्याला शक्य आहे, तोच निविदेत टिकतो.

दर आणि दर्जा

दुसरी अडचण दराची आहे. फळांचे भाव हंगामाप्रमाणे बदलतात. हिमाचल प्रदेश आणि काश्मीरमधील सफरचंदांची आवक ऑगस्टपासून वाढते. हंगाम सरला की शीतगृहातील माल महाग होतो. वर्षभरासाठी एकच दर ठरवणाऱ्या करारात ही जोखीम पुरवठादारावर येते. सर्वात कमी दराची निविदा मंजूर करण्याच्या पद्धतीमुळे दर आवश्यकतेपेक्षा खाली जातो आणि नंतर कमी प्रतीचा माल येण्याचा धोका वाढतो.

हा माल नाशवंत असल्याने दर्जाची तपासणी स्वीकारतानाच व्हावी लागते. मालाबाबत लेखी हरकत घेण्यासाठी कायद्यात १५ दिवसांची मुदत आहे. पण तोवर फळे खाल्ली तरी जातात किंवा सडून तरी जातात. अन्नसुरक्षा नियमांनुसार कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यास बंदी असून इथिलीन वायूचा मर्यादित वापर करता येतो. ही खातरजमाही पुरवठ्याच्या ठिकाणीच आवश्यक ठरते.

स्पर्धा नसल्यास हानी खरेदीदाराचीही होते. लष्कराच्या शिधापुरवठ्याविषयीच्या २०१०-११ च्या अहवालात नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी ताज्या शिध्याच्या कंत्राटांमधील मर्यादित स्पर्धेवर बोट ठेवले होते.

ब्राझीलमधील पद्धत

अन्य मार्गाचे एक उदाहरण ब्राझीलचे आहे. तेथील २००९ च्या कायद्याने शालेय आहारासाठी केंद्राकडून मिळणाऱ्या निधीपैकी किमान ३० टक्के रक्कम कुटुंबशेती करणाऱ्या लहान शेतकऱ्यांच्या मालावर खर्च करणे बंधनकारक केले. २०२५ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन ही मर्यादा २०२६ पासून ४५ टक्के करण्यात आली. या खरेदीत नेहमीच्या निविदेऐवजी जाहीर आवाहन केले जाते. स्थानिक बाजारातील दरांची पाहणी करून भाव आधीच ठरवला जातो आणि जवळच्या उत्पादकांना प्राधान्य मिळते. त्यामुळे कमी दराची चढाओढ राहत नाही.

भारतातील पर्याय

भारतात १०,००० शेतकरी उत्पादक संघटना स्थापन करण्याची केंद्रीय योजना फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झाली. एकेकट्या शेतकऱ्याला न पेलणारी प्रतवारी, साठवण आणि वाहतूक अशा संघटना करू शकतात आणि उत्पादकाचा माल थेट खरेदीदारापर्यंत नेऊ शकतात. तथापि देयक वेळेवर न मिळाल्यास भांडवलाची टंचाई त्यांनाही भासते.

करारातील अटींमध्येही सुधारणेला वाव आहे. सर्व फळांचे एकच मोठे कंत्राट देण्याऐवजी एकाच निविदेत फळनिहाय किंवा केंद्रनिहाय स्वतंत्र भाग ठेवणे, दर बाजार समितीच्या सरासरी भावाशी जोडणे आणि महिन्याऐवजी आठवड्याने देयक स्वीकारणे हे पर्याय खरेदीदार संस्थांना विचारात घेता येतील. आरक्षणाचे उद्दिष्ट कागदावर किती आहे यापेक्षा माल दिल्यानंतर पैसा किती दिवसांत परत येतो, यावरच लहान फळविक्रेता सरकारी पुरवठ्यात टिकेल की नाही हे ठरणार आहे.