काळ्या पडद्यामागे

आम्हां कला शाखेच्या मंडळींची संगणकाशी ओळख टंकलेखन यंत्राचा धाकटा भाऊ एवढीच. पडदा काळा पडला की आम्ही हात टेकतो. गेल्या वर्षी फेब्रुवारीत माझेही तेच झाले. वार्षिकाच्या अंकाची जुळवलेली चाळीस पाने दादाच्या जुन्या संगणकात होती आणि मुद्रणालयात द्यायला दोन दिवस उरले होते. सकाळी यंत्र सुरू केले तर आत पंख्यांची घरघर व्यवस्थित, पडद्यावर मात्र 'नो सिग्नल'! दुरुस्तीवाल्याने झाकणही न उघडता निकाल दिला, "ग्राफिक्स कार्ड गेलं, नवीन घाला." त्याने सांगितलेला आकडा ऐकून दादा म्हणाला, "एवढ्यात तुझी वर्षाची फी भागेल."

त्या दोन दिवसांत जे शिकलो, ते इथे सांगतो.

ग्राफिक्स कार्डाचे काम चित्रकाराचे. साधारण पडद्यावर आडवे 1920 आणि उभे 1080, म्हणजे वीस लाखांहून अधिक ठिपके असतात. ते सेकंदाला बहुधा 60 वेळा नव्याने पाठवावे लागतात. हे चित्र कार्डातून केबलीत आणि केबलीतून पडद्यावर जाते. या वाटेवर कुठेही खंड पडला तरी आपल्याला दिसतो तो अंधारच. म्हणून अंधार पाहून थेट कार्डाला दोषी धरणे हा अन्याय होय.

पहिला प्रश्न असा : यंत्र मेले आहे की नुसते आंधळे झाले आहे? कीबोर्डवरील कॅप्स लॉकची कळ दाबावी. तिचा दिवा लागत-विझत असेल तर यंत्र शुद्धीवर आहे. मग केबल पाहावी. कार्ड बसवलेल्या यंत्राच्या पाठीमागे बहुधा दोन ठिकाणी केबल लावता येते, एक मदरबोर्डवर आणि दुसरी कार्डावर. साफसफाईनंतर ती चुकून भलतीकडे लावली जाते. मॉनिटरच्या बटणांतून एचडीएमआयऐवजी दुसरेच इनपुट निवडले गेले असेल, तरीही 'नो सिग्नल' दिसते.

अंधार केव्हा होतो, यालाही फार महत्त्व आहे. सुरुवातीचे बोधचिन्ह दिसून विंडोज उघडताना पडदा काळा होत असेल, तर कार्ड चित्र काढू शकते हे सिद्धच झाले. संशय ड्रायव्हरचा, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रणालीचा. तेव्हा सेफ मोडमध्ये जाऊन ड्रायव्हर काढावा व पुन्हा घालावा. खेळ किंवा व्हिडिओचे जड काम चालू असताना अंधार झाला, तर आधी उष्णता आणि वीज तपासावी. मदरबोर्डवरील खाचेतून कार्डाला फार तर 75 वॅट मिळतात. अधिक भूक असलेल्या कार्डाला पॉवर सप्लायकडून वेगळी तार लागते. सहा टोकांच्या तारेतून आणखी 75, आठ टोकांच्या तारेतून 150 वॅट. ही तार सैल झाली वा पॉवर सप्लाय थकला, तर कार्ड निर्दोष असूनही उपाशी राहते. मात्र अंधाराआधी काही दिवस पडद्यावर रंगीत ठिपके, चौकटी दिसत असतील तर लक्षण वाईट. कार्डाची स्वतःची स्मृती किंवा चिप बिघडत असावी.

आमच्या प्रोसेसरमध्ये अंगचीच चित्रव्यवस्था होती. (सर्वांत ती नसते; इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर 'एफ' असतो, त्यांत नाही.) कार्ड काढून केबल मदरबोर्डला लावली आणि पडदा उजळला! आधी पाने पेनड्राइव्हवर उतरवून घेतली, मग सुटकेचा श्वास सोडला. दादा म्हणाला, "म्हणजे कार्डच गेलं." मलाही तसेच वाटले होते.

पण काढताना एक गोष्ट ध्यानात आली होती. कार्डाला मागून धरणारा स्क्रूच जागेवर नव्हता. उभ्या कॅबिनेटमध्ये जड कार्ड आडवे लोंबते; स्क्रू नसेल तर त्याचे एक टोक खाचेतून हळूहळू वर येते. आदल्या आठवड्यात केर काढताना आईने टेबल सरकवले होते. आम्ही वीजतार काढली, सुरू करण्याचे बटण काही क्षण दाबून उरलीसुरली वीज जाऊ दिली, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज घालवली. कार्डाचे सोनेरी दात खोडरबराने हलके पुसले, धूळ झटकली आणि खाचेच्या टोकाची कडी 'टक्' वाजेपर्यंत कार्ड दाबून बसवले. नवा स्क्रू लावला. पडदा आला!

मरू घातलेले कार्ड भट्टीत तापवून जिवंत करण्याचा एक उपाय काही लोक सांगतात. तो करू नये. चाललेच तर थोडे दिवस चालते, आणि स्वयंपाकाच्या भट्टीत विषारी वाफा सोडणे शहाणपणाचे नव्हे.

एवढे करूनही अंधार राहिला, तर ते कार्ड मित्राच्या चालू संगणकात बसवून पाहावे. त्या यंत्राचा पॉवर सप्लाय पुरेसा आहे ना, हे आधी विचारून. तिथेही अंधार असेल तरच कार्ड गेले म्हणावे. आणि दुकानाकडे निघण्यापूर्वी बिलावरची तारीख पाहावी, वॉरंटीचे दिवस उरलेले असू शकतात.