नऊशे माणसांचा हिशेब

३० जुलै १८६१ या तारखेचं एक पत्र अमेरिकेच्या लष्करी दप्तरात आहे. व्हर्जिनियातल्या फोर्ट मन्रो या किल्ल्यावरून मेजर जनरल बेंजामिन बटलर याने ते युद्धमंत्री सायमन कॅमेरॉन यांना लिहिलं. बुल रनच्या पहिल्या लढाईत उत्तरेच्या फौजेची दाणादाण उडून तेव्हा नऊ दिवस झाले होते. राजधानी वाचवण्यासाठी बटलरच्या पलटणी वॉशिंग्टनला मागवल्या गेल्या, त्यामुळे शेजारचं हॅम्प्टन गाव त्याला सोडावं लागलं आणि तिथे आसऱ्याला आलेले गुलाम जीव मुठीत धरून किल्ल्याकडे धावले. पत्रात त्यांची मोजदाद आहे. एकूण ९००. धडधाकट पुरुष ३००, कष्टाचं वय उलटलेले ३०, बायका १७५, दहा वर्षांखालची मुलं २२५ आणि दहा ते अठरा वयाची १७०. बेरीज चोख जुळते. कोठारातल्या मालाची यादी करावी तसा हा मजकूर इथवर येतो आणि मग अडखळतो. या लोकांचं करायचं काय, असं बटलर विचारतो, आणि त्याहून अवघड असं पुढे विचारतो की हे मुळात आहेत कोण? गुलाम, की स्वतंत्र? मालमत्ता म्हणावी, तर समुद्रात सोडून दिलेल्या फुटक्या जहाजासारखी मालकांनीच ती टाकलेली आहे. ती आता वाचवणाऱ्याची, म्हणजे सरकारची. पण सरकारला माणसांवर मालकी सांगायची नाही. मग सांगणारा मालकच उरला नसेल, तर ही माणसं केवळ माणसं उरत नाहीत का?

अमेरिकी यादवी युद्ध कुठे फिरलं, याची ठरलेली उत्तरं आपल्याला पाठ आहेत: सप्टेंबर १८६२ मधलं अँटिएटम, जुलै १८६३ मधली गेटिसबर्ग आणि व्हिक्सबर्ग ही जोडी, सप्टेंबर १८६४ मध्ये पडलेलं अटलांटा. या सगळ्या रणांगणांचं महत्त्व मान्य करूनही मला वाटतं की युद्धाचं खरं वळण बटलरच्या या प्रश्नात आहे. मार्च १८६१ मध्ये पदाची शपथ घेताना राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी गुलामगिरी असलेल्या राज्यांत ढवळाढवळ करण्याचा आपला हेतू नाही, असं निक्षून सांगितलं होतं. बुल रननंतर काँग्रेसनेही तशाच अर्थाचा ठराव केला. राज्यं फुटून निघाली ती गुलामगिरी राखण्यासाठी, हे दक्षिणेचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स उघडपणे बोलले होते. उत्तर मात्र फक्त संघराज्य टिकवण्यासाठी लढत होती. ही दोन युद्धं एक झाली तिथे वळण आलं. आणि ती एक केली ती कुणा सेनापतीने नव्हे, पायी आणि होडीने किल्ल्याशी आलेल्या माणसांनी.

बटलर हा काही गुलामगिरीविरोधी चळवळीतला माणूस नव्हता. मॅसॅच्युसेट्समधला बेरकी वकील, पक्षाने डेमोक्रॅट. १८६० च्या चार्ल्स्टन अधिवेशनात राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी त्याने फेरीमागून फेरी ५७ वेळा मत दिलं ते जेफरसन डेव्हिस यांना, म्हणजे पुढे दक्षिणेचे अध्यक्ष झालेल्या आणि ज्यांच्याविरुद्ध तो लढला त्यांनाच. एप्रिल १८६१ मध्ये पलटण घेऊन मेरीलँडला उतरल्यावर त्याने तिथल्या गव्हर्नरला कळवलं की गुलामांनी उठाव केलाच, तर तो मोडायला आपले शिपाई हजर आहेत. त्याच्याच राज्याचे गव्हर्नर जॉन अँड्र्यू यांना हे झोंबलं आणि दोघांचा पत्रांतून खटका उडाला. बटलर आपल्या भूमिकेवर अडून राहिला. हा वाद मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत चालू होता. त्याच महिन्याच्या २४ तारखेला हाच माणूस गुलामाच्या मालकाला नकार देतो. दोन आठवड्यांत त्याची मतं पालटली असं मानण्याला काही आधार नाही. पालटली होती ती समोरची परिस्थिती, आणि ती पालटणाऱ्यांची नावं आपल्याला माहीत आहेत.

फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड. २३ मेच्या रात्री हे तिघे समोरच्या सूएल्स पॉइंटहून होडीने आले आणि किल्ल्याच्या पहारेकऱ्यांच्या स्वाधीन झाले. त्याच दिवशी व्हर्जिनियाच्या मतदारांनी फुटून निघण्यावर शिक्कामोर्तब केलं होतं. तिघांवर मालकी सांगणारा कर्नल चार्ल्स मॅलरी दक्षिणेच्या लष्करात होता. सूएल्स पॉइंटला तोफांचा मोर्चा बांधायला त्याने यांना जुंपलं होतं आणि आता लष्करी कामासाठीच कॅरोलायनाला नेणार होता. बायकामुलांपासून कायमचं तुटण्याची ती तयारी होती. बटलरने तिघांना वेगवेगळं बसवून विचारपूस केली. दुसऱ्या दिवशी पांढरं निशाण घेऊन मेजर जॉन कॅरी आला आणि पळपुट्या गुलामांच्या कायद्याखाली त्यांना परत मागू लागला. बटलरचं उत्तर वकिली होतं: तुम्ही स्वतःला परकं राष्ट्र म्हणवता, तर आमच्या कायद्याचा लाभ तुम्हाला कसा मिळेल? कर्नलने राज्यघटनेशी निष्ठेची शपथ घ्यावी आणि माणसं घेऊन जावीत. शत्रू ज्यांच्या हातून मोर्चे बांधतो, ते हात म्हणजे युद्धात जप्त करण्याजोगा माल, असा या युक्तिवादाचा गाभा होता, आणि त्यावरून ‘कॉन्ट्राबँड’ हे नाव देशभर झालं. या जागेचा आणखी एक संदर्भ विसरता येत नाही. ऑगस्ट १६१९ मध्ये इंग्रजी व्हर्जिनियात पहिले वीसेक आफ्रिकी बंदिवान उतरवले गेले ते इथेच, पॉइंट कम्फर्टच्या किनाऱ्यावर.

आता या तिघांची हकिगत कायद्यात कशी शिरली ते पाहण्याजोगं आहे. ६ ऑगस्ट १८६१ च्या पहिल्या जप्ती कायद्याने ठरवलं की ज्या मालकाने आपल्या गुलामाला सरकारविरुद्ध किल्ला, गोदी, खंदक अशा कामाला लावलं, त्याचा त्या गुलामावरचा हक्क संपला. हे कलम म्हणजे सूएल्स पॉइंटच्या मोर्चावरून आलेल्या तिघांचीच कैफियत आहे. हक्क संपला म्हणजे माणूस स्वतंत्र झाला का, यावर कायदा गप्प राहिला. पण त्याच्या पुढचा प्रश्न किल्ल्याच्या दारात आधीच येऊन उभा होता. १७५ बायका आणि ३९५ मुलं काही मोर्चे बांधत नव्हती. नऊशेपैकी निम्म्याहून कितीतरी जास्त माणसांना ‘शत्रूचे हात’ हे वर्णन लागूच होत नव्हतं, आणि नवऱ्याला ठेवून बायकोला मालकाकडे हाकलायला बटलर तयार नव्हता. युद्धसामग्रीचा तर्क माणसांच्या कुटुंबापाशी तोकडा पडला, हे त्या मोजदादीने सरकारसमोर आकड्यांत मांडलं.

पुढचे दहा महिने वॉशिंग्टन पाऊल पुढे टाकून मागे घेत राहिलं. जनरल फ्रेमाँटने मिसुरीत आणि जनरल हंटरने दक्षिण किनाऱ्यावर मुक्तीचे हुकूम काढले, लिंकननी ते रद्द केले. पण मार्च १८६२ मध्ये पळून आलेल्यांना परत करण्याची लष्करी अधिकाऱ्यांना मनाई झाली. मग आला १८६२ चा उन्हाळा. प्रचंड फौज घेऊन फोर्ट मन्रोवरूनच निघालेला उत्तरेचा सेनापती मॅक्लेलन दक्षिणेची राजधानी रिचमंडच्या वेशीवरून सात दिवसांच्या लढायांत मागे रेटला गेला. माझ्या मते उत्तरेचा हा पराभव तिच्या कोणत्याही विजयाइतकाच निर्णायक आहे. रिचमंड जूनमध्ये पडलं असतं, तर संघराज्य वाचलं असतं आणि बहुतांश गुलामगिरीही वाचली असती. मॅक्लेलनला तेच हवं होतं आणि ७ जुलैच्या पत्रात त्याने ते लिंकनना लिहूनही कळवलं. १३ जुलैला घोडागाडीतून एका अंत्यविधीला जाताना लिंकननी सुअर्ड आणि गिडियन वेल्स या मंत्र्यांपाशी मुक्तीचा विषय काढला. वेल्सच्या रोजनिशीत नोंद आहे की कारण दिलं ते युद्धाच्या निकडीचं. १७ जुलैला दुसऱ्या जप्ती कायद्याने बंडखोर मालकांकडून सैन्याच्या आश्रयाला आलेल्यांना कायमचं स्वतंत्र केलं. बटलरच्या प्रश्नाचं हे उत्तर होतं, वर्षभर उशिराने आलेलं. अँटिएटमचा निसटता विजय आणि १ जानेवारी १८६३ चा मुक्तीचा जाहीरनामा त्यानंतरचे.

या मांडणीवरचा सर्वांत वजनदार आक्षेप जेम्स मॅकफर्सन यांच्यासारख्या इतिहासकारांचा आहे: आसरा द्यायला सैन्य नसतं, तर पळणार कुठे? अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात हजारो गुलाम इंग्रजांकडे पळाले होते, तरी गुलामगिरी उलट वाढली. हे खरं आहे आणि त्याला बगल देता येणार नाही. पण सैन्य म्हणजे दार, ते आपोआप उघडत नाही. नोव्हेंबर १८६१ मध्ये जनरल हॅलेकने मिसुरीत हुकूम काढून पळून आलेल्यांना छावणीत घ्यायचीच बंदी केली. सैन्य तेच, सरकार तेच, आणि दार बंद. लोक तरीही येत राहिले. वाटा, पूल, शत्रूच्या हालचाली यांची खबर आणत राहिले. परत पाठवण्याचं काम शिपायांनाच नकोसं होत गेलं. युद्ध संपेपर्यंत चाळीस लाख गुलामांपैकी चार-पाच लाख उत्तरेच्या हद्दीत आले होते, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. एवढी माणसं दाराशी आली म्हणून दाराचा कायदा बदलला. लिंकन यांचं मोठेपण याने कमी होत नाही. घडत असलेलं ओळखून त्याला माघारी न फिरणारा कायदा करणं, हे त्यांचंच काम.

दुसरा आक्षेप असा की युद्ध शेवटी रणांगणावर जिंकलं जातं. तर रणांगणाकडेच पाहू. गेटिसबर्गनंतर युद्ध २१ महिने चाललं. १८६४ च्या ऑगस्टमध्ये उत्तरेचा सरसेनापती ग्रँट याच्या फौजेची भीषण हानी झालेली, उत्तर थकलेली आणि लिंकन निवडणूक हरणार अशी त्यांची स्वतःची खात्री. मुक्तीची अट सोडा आणि तह करा, असा दबाव वाढला. तेव्हा भेटीला आलेल्या विस्कॉन्सिनच्या पाहुण्यांना त्यांनी सांगितलं की कृष्णवर्णीय सैनिकांचं बळ काढून घेतलं, तर तीन आठवड्यांत युद्ध सोडावं लागेल. सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय पायदळ-तोफखान्यात होते, आणखी हजारो आरमारात. त्यांतले बहुतेक गुलामगिरीतून आलेले. दक्षिणेला हे पुरतं कळलं होतं. जानेवारी १८६५ मध्ये गुलामांच्या हाती बंदुका द्यायची चर्चा तिथे निघाली, तेव्हा जॉर्जियाच्या हॉवेल कॉबने लिहिलं की गुलाम जर चांगले सैनिक ठरले, तर गुलामगिरीचा आपला सगळा सिद्धान्तच खोटा. कृष्णवर्णीय सैनिक लढले त्या फोर्ट वॅग्नरच्या तटावर तो दीड वर्ष आधीच खोटा ठरला होता.

या वळणाची किंमतही सांगायला हवी. बटलरच्या युक्तीने माणसांना वाचवलं, पण माल म्हणून. त्या शब्दाचा डाग बराच काळ टिकला. किल्ल्याभोवती राबणाऱ्यांच्या मजुरीतला मोठा वाटा निर्वाहखर्चापोटी कापला जाई, छावण्यांत रोगराईने माणसं दगावली, सैनिकांना १८६४ पर्यंत गोऱ्यांपेक्षा कमी पगार मिळाला. हॅम्प्टन गाव दक्षिणेच्या फौजेने ७ ऑगस्ट १८६१ ला जाळलं; निर्वासितांनी त्या राखेत उभ्या राहिलेल्या धुरांड्यांना टेकून खोपटी बांधली. तिथे जवळच एका ओकच्या झाडाखाली मेरी पीक या स्वतंत्र कृष्णवर्णीय स्त्रीने शाळा चालवली. कायदा त्यांना काय म्हणायचं ते ठरवत असताना ही माणसं नागरिक म्हणून वागायला लागली होती.

मराठी मुलखाला हे युद्ध आठवतं ते कापसामुळे. अमेरिकी कापूस अडला, मुंबईवर सोन्याचा पाऊस पडला, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच प्रेमचंद रायचंदांसह सगळा शेअरबाजार कोसळला. पण त्याच युद्धात वेगळं काही पाहणारा माणूस पुण्यात होता. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामगिरी मोडण्यासाठी त्याग करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. त्या अर्पणपत्रिकेतली कृतज्ञता रास्त आहे. मात्र त्या लोकांची यादी करायची झाली, तर ती बटलरच्या पत्रापासून सुरू करावी लागेल. त्यातल्या नऊशे जणांना एकही नाव दिलेलं नाही, फक्त वय आणि अंगातलं बळ नोंदलेलं आहे. पण सरकारला जो प्रश्न विचारायचं धाडस झालं नव्हतं, तो त्यांनी नुसतं दाराशी येऊन विचारला, आणि त्याचं उत्तर देता देता एका राष्ट्राला आपली राज्यघटना बदलावी लागली.