खाडीकांठची सायकलवाट

सायकलीचा इतिहास नदीकांठच्या एका शहरापासून सुरू होतो. १८१७ च्या जून महिन्यांत जर्मनींतील मानहाइम या ऱ्हाइनकांठच्या शहरीं कार्ल फॉन ड्राइस यानें आपलें दोन चाकांचें लांकडी यंत्र प्रथम रस्त्यावर आणलें. त्याला पायडलें नव्हतीं. स्वारानें जमिनीवर पाय रेटीत पुढें जावयाचें. योगायोग असा कीं, त्याच जून महिन्यांत पनवेल खाडीच्या मुखाजवळचा बेलापूरचा किल्ला मराठ्यांच्या हातून इंग्रजांकडे गेला. तिकडे एक वाहन जन्मास आलें, इकडे एक ठाणें लयास गेलें. आज दोनशें वर्षांनंतर त्या किल्ल्याच्या आसमंतांत घरोघरीं सायकली आहेत. नाहीं ती केवळ त्या चालविण्याची निर्वेध वाट.

सीबीडी बेलापुरांतील कोणत्याही इमारतीचा जिना पाहावा. एखादी तरी सायकल कठड्याला साखळीनें बांधलेली आढळतेच. मूल ती मागतें, तेव्हां आई बजावते, "आवारांतच फीर, बाहेर जाऊं नकोस." आईचें चुकतें असें कोण म्हणेल? पामबीच मार्गावरून मोटारी ज्या वेगानें धांवतात, तो पाहून मोठ्यांच्याही उरांत धडकी भरते. परिणाम असा कीं, मुलें घाण्याच्या बैलाप्रमाणें त्याच आवाराभोंवतीं फेऱ्या घालतात आणि थोडीं मोठीं झालीं कीं सायकलीस विटतात. ज्यानें आयुष्यभर फळ्यावर खडूनें नद्या काढून दाखविल्या, त्या शिक्षकाला याची हळहळ वाटते. कारण भूगोल आणि इतिहास हे विषय अर्धे पुस्तकांत आणि अर्धे पायांखालीं असतात.

सहलीची वाट कशी असावी, याचा वस्तुपाठ आपल्याकडे कालिदासानें मेघदूतांत घालून दिला आहे. यक्ष मेघाला जो मार्ग सांगतो, त्यांत रेवा, वेत्रवती, शिप्रा या नद्या आहेत. विदिशा आणि उज्जयिनी हीं नगरें आहेत. उज्जयिनीसाठीं तर तो मेघाला वाट वांकडी करावयास सांगतो. सोबतीला नदी, मुक्कामाला जुनें नगर आणि मनाला घाई नाहीं, हींच सहलीच्या वाटेचीं तीन लक्षणें होत.

युरोपांतील लोकांनीं हें सायकलीवरून साधलें आहे. जर्मनींतील पासाउपासून ऑस्ट्रियांतील व्हिएन्नापर्यंत डॅन्यूब नदीच्या कांठानें तीनशें किलोमीटरांहून अधिक लांबीची सायकलवाट आहे, आणि तिचा बराच भाग मोटारींपासून मुक्त आहे. वाटेंत मेल्कचा भव्य मठ लागतो. पुढें ड्युर्नश्टाइन येथें, जेथें इंग्लंडचा राजा रिचर्ड ११९२ च्या हिंवाळ्यांत कैदेंत पडला होता, तो पडका किल्ला दिसतो. फ्रान्समध्यें ल्वार नदीच्या बाजूची अशीच वाट सुमारें नऊशें किलोमीटरांची आहे.

आतां मुद्याची गोष्ट. डॅन्यूबकांठची ही वाट पुष्कळ ठिकाणीं सायकलींसाठीं बांधलेलीच नव्हती. पूर्वीं प्रवाहाच्या उलट जाणाऱ्या नावा दोर बांधून घोड्यांकडून ओढून नेत; घोड्यांच्या चालण्यासाठीं कांठानें पायवाट राखलेली असे. एकोणिसाव्या शतकांत आगबोटी आल्या आणि घोड्यांचें काम संपलें. परंतु वाट बऱ्याच अंशीं तशीच राहिली. १९८० नंतरच्या दशकांत तीच सायकलस्वारांच्या उपयोगीं पडली. नवें उभारण्यापेक्षां जुनें राखल्यानेंच त्या लोकांना हें सुख लाभलें.

आपल्या खाड्यांनाही अशी जुनी वाट होती. ती म्हणजे खारबांध. १७ मार्च १९७० रोजीं सिडकोची स्थापना झाली आणि ९५ गांवांच्या भूमीवर नवी मुंबई वसूं लागली. त्यापूर्वीं येथें भातखाचरें आणि मिठागरें होतीं. भरतीचें खारें पाणी शेतांत शिरूं नये म्हणून शेतकऱ्यांनीं मातीदगडांचे बांध घातले, पावसाचें पाणी ओहोटीस बाहेर सोडण्यासाठीं त्यांत उघाड्या ठेवल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या अंगमेहनतीनें ते राखले. बांध हा शेताचा रक्षक, आणि तीच पायीं चालणाऱ्याची वाट. शहर वाढत गेलें तसे पुष्कळ बांध भरावाखालीं गेले. पनवेल, उरण, पेण, अलिबाग या बाजूंस जे शिल्लक आहेत, तीच आमची डॅन्यूबची वाट.

यावर कोणी म्हणेल, खारफुटी तोडून खाडीलगत नवा पक्का मार्गच कां काढूं नये? हा विचार मनांतही आणूं नये. खारफुटी ही किनाऱ्याचें चिलखत आणि मासळीचें पाळणाघर आहे. २०१८ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें तिचा नाश हा नागरिकांच्या जीविताच्या हक्कावरील आघात ठरविला आणि तिच्याभोंवतींच्या ५० मीटरांच्या पट्ट्यांत बांधकामास मनाई केली. ठाण्याच्या खाडीला २०२२ मध्यें रामसर यादींत स्थान मिळालें. रोहित पक्ष्यांचे थवे तेथें दरवर्षीं उतरतात. पांखरांना उठवून मुलांना वाट करून देणें हा सौदा तोट्याचाच. जुना बांध मात्र आहे तसा मातीचाच ठेवला, मोटारीस बंद केला आणि वेळोवेळीं डागडुजी केली, तर शेत, पांखरें आणि मुलें या तिघांचेंही काम होतें.

तोंवर हात बांधून बसावें असें नाहीं. बेलापुरांतल्या बेलापुरांत रविवारीं पहाटे एक सुरेख फेरी होते. पारसिक डोंगराच्या पायथ्याशीं असलेल्या आर्टिस्ट व्हिलेजपासून निघावें. चार्ल्स कोरिया यांनीं १९८३ ते १९८६ या काळांत ही वसाहत रचली. सात घरें एका लहान अंगणाभोंवतीं आणि असे तीन पुंजके एका मोठ्या अंगणाभोंवतीं, ही तिची मांडणी पाहिली म्हणजे आपल्या जुन्या वाड्यांची आठवण होते. तेथून किल्ले गांवठाणाकडे वळावें. सोळाव्या शतकांत सिद्दींनीं बांधलेला हा किल्ला पुढें पोर्तुगीजांकडे आणि अठराव्या शतकांत चिमाजी अप्पांच्या काळीं मराठ्यांकडे आला. शेवटीं दिवाळे कोळीवाड्यांत होड्या व जाळीं पाहून, ऊन चढण्यापूर्वीं घरीं परतावें. वडील माणसानें पुढें, मुलांनीं मध्यें आणि दुसऱ्या जाणत्या माणसानें सर्वांच्या मागें असावें.

दिवाळीच्या सुटींत याहून मोठी सहल करतां येईल. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास रो-रो बोट जाते. तिच्यावरून सायकली न्याव्या. मांडवा, किहीम, अलिबाग, नागांव, चौल, रेवदंडा अशी ही वाट सुमारें चाळीस किलोमीटरांची आहे. किहीमला सलीम अली यांनीं सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. चौल हें ग्रीक प्रवासवर्णनांत उल्लेखिलेलें प्राचीन बंदर, आणि रेवदंड्यास कुंडलिका नदीच्या मुखाशीं पोर्तुगीजांचा कोट, पैलतीरीं कोर्लईचा किल्ला. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यांत ओहोटीस पायीं जातां येतें. घरांत पंचांग असतेंच: पौर्णिमा-अमावास्येस सकाळीं सहाच्या सुमारास ओहोटी असते आणि पुढें ती दररोज सुमारें पाऊण तासानें लांबते, म्हणून तृतीया-चतुर्थीची सकाळ सोयीची, तरीही तेथील कोळी बांधवांस विचारूनच पाण्याकडे जावें. शनिवार-रविवारीं मात्र या रस्त्यावर मुंबईच्या मोटारींची रांग लागते, तेव्हां आडवार धरावा.

आणखी एक उदाहरण ध्यानांत घ्यावें. दक्षिण अमेरिकेंतील बोगोटा या शहरीं १९७४ पासून रविवारीं कांहीं तास मुख्य रस्ते मोटारींस बंद ठेवून ते पायीं चालणारांस व सायकलस्वारांस मोकळे करण्याची प्रथा आहे. यासाठीं वीटही लावावी लागत नाहीं. लागतो तो केवळ निश्चय. खाडीकांठचा एखादा रस्ता आठवड्यांतून तीन तास आपल्या मुलांना मिळावा, ही मागणी फार मोठी नव्हे.

पण मागितल्याशिवाय आईसुद्धां वाढीत नाहीं. प्रत्येक कुटुंबानें महानगरपालिकेस एकेक पत्र लिहावें. पत्र घरांतल्या मुलाच्या किंवा मुलीच्या हातून लिहवावें. शुद्धलेखनाचाही सराव होईल. मुलगी आहे म्हणून तिची सायकल जिन्याखालींच ठेवण्याचे दिवस गेले, आणि सासुरवाशिणींनाही पहाटेचें वारें तितकेंच गोड लागतें. बांध कोणी एकट्यानें घातला नव्हता. प्रत्येक घरानें आपल्या वांट्याची माती टाकली, म्हणून तो समुद्राला पुरून उरला. ही वाटही तशीच राखावी लागेल.