डॅशबोर्डवर पांढरा टॉवेल टाकताय? पिकअपवाल्यांनो, हे वाचा

गेल्या आठवड्यात सकाळी टोमॅटोचे कॅरेट भरून मार्केटला निघालो होतो. सूर्य अगदी समोर. कडेनं सायकलवर चाललेला पोरगा मला जवळ गेल्यावर दिसला. कच्चकन ब्रेक दाबला म्हणून निभावलं.

चूक माझ्या टॉवेलची होती. डॅशबोर्डवर पांढरं किंवा चकाकणारं काही असलं, की ऊन त्यावर पडून त्याची सावली समोरच्या काचेत दिसते अन् रस्ता पुसट होतो. तिथं काळं, न चमकणारं कापड टाका. डॅशबोर्डला चकाकीचं पॉलिश मारू नका. काच आतूनही पुसा. आत धुळीचा तेलकट थर बसतो, तो उन्हात पांढरा मारतो. रात्री केबिनमधला दिवा बंद ठेवा.

काळी फिल्म हा उपाय नव्हे. समोरच्या काचेतून किमान 70 टक्के अन् बाजूच्या काचांतून 50 टक्के उजेड आत आला पाहिजे, असा नियम आहे.

आता आरसे. मागं माल भरला की आतला आरसा बिनकामाचा. सगळी भिस्त बाजूच्या दोघांवर. नेहमीसारखं सीटवर बसा अन् आपल्या गाडीची कड आरशाच्या आतल्या टोकाला जेमतेम दिसेल, असा आरसा फिरवा. फुगीर आरशात मागची गाडी असते त्यापेक्षा लांब वाटते, हे ध्यानात ठेवा. एवढं करूनही शेजारची मोटरसायकल आरशातून सुटू शकते. म्हणून वळण्याआधी एकदा मान वळवून बघाच.