आज्ञेची ओळ व ती सुधारण्याच्या कळा

संगणकास काम सांगण्याचे दोन मार्ग आहेत: एक पडद्यावरील चित्रें निवडण्याचा, दुसरा आज्ञा अक्षरांनीं लिहून देण्याचा. या दुसऱ्या मार्गास 'कमांड लाइन' म्हणतात. लिनक्सच्या संगणकावर अशी आज्ञा बहुधा 'बॅश' हा प्रोग्राम वाचतो. ब्रायन फॉक्स यांनीं लिहिलेला हा प्रोग्राम १९८९ सालीं प्रसिद्ध झाला. लिहितांना ओळ सुधारण्याचें काम त्याचा 'रीडलाइन' हा भाग करितो.

नवशिक्यांची रीत आम्ही नेहमीं पाहतों. ओळीच्या आरंभीं एक अक्षर चुकलें, कीं सारी ओळ खोडून पुन्हां लिहावयाची! हे श्रम व्यर्थ होत. कंट्रोलची कळ धरून 'ए' दाबिली असतां कर्सर ओळीच्या आरंभीं जातो. 'ई' दाबिली असतां शेवटीं. 'डब्ल्यू'नें मागचा एक शब्द जातो. 'यू'नें कर्सरच्या मागील सर्व मजकूर, 'के'नें पुढील. हा मजकूर नष्ट मात्र होत नाहीं. 'वाय'नें तो हव्या त्या जागीं परत येतो. 'आर' दाबून पूर्वींच्या आज्ञेंतील चार अक्षरें लिहिलीं, तर ती आज्ञा पुढें येते.

एका जोडीपासून सावध असावें. अमेरिकेंत १९६३ सालीं ठरलेल्या 'आस्की' संकेतांत 'एंटर'च्या खुणेचा क्रमांक १३ आहे, आणि कंट्रोलसह दाबिलेलें अक्षर आपला वर्णमालेंतील क्रमांकच पाठवितें. 'एम' तेरावें, म्हणून कंट्रोल व 'एम' म्हणजे एंटरच!

एंटर दाबीपर्यंत ओळ आपल्या हातीं असते, मग नाहीं. 'आरएम' ही आज्ञा फायली पुसून टाकिते, आणि त्या कोठल्या टोपलींत जात नाहींत. तिच्यापुढें ताराचिन्ह व त्यास लागूनच '.टीएमपी' लिहिलें, तर तेवढ्या तात्पुरत्या फायली जातात. मध्यें एक मोकळी जागा राहिली, तर बॅश ताराचिन्ह निराळें वाचतो, आणि त्या फोल्डरमधील जवळजवळ सर्व फायली पुसल्या जातात. वर्षाचे निबंध, घरचीं छायाचित्रें, सर्व कांहीं. म्हणून ही आज्ञा देतांना पालकांनीं मुलांच्या शेजारीं बसावें, असें आम्हांस वाटतें.

शंका आल्यास कंट्रोल व 'ए' दाबून ओळीच्या आरंभीं # हें चिन्ह लिहावें, आणि मग एंटर दाबावें. अशी ओळ बॅश पाळीत नाहीं, पण जपून ठेवितो. जाणत्यास विचारून झालें, कीं वरच्या बाणाच्या कळेनें ती परत आणावी, सुधारावी, आणि तें चिन्ह काढावें.